चिंधीचा पुढचा जन्म

पेशवे दफ्तरातील कागद रुमालांनी मोजतात. कागदांचा गठ्ठा चौकोनी कापडात ठेवायचा, चार टोके एकमेकांवर आणून गाठ मारायची. असा बांधलेला एक गठ्ठा म्हणजे एक रुमाल. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या रुमालांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत प्रसिद्ध केले. मराठ्यांच्या इतिहासाला त्यामुळे केवढे साधन मिळाले हे वाचक जाणतातच. त्या कागदांवर काय लिहिले आहे याविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. या लेखापुरती वाचकांनी अक्षरांवरची नजर काढून खालच्या कागदाकडे वळवावी, एवढी माझी विनंती आहे. तो कागद लाकडाच्या लगद्याचा नाही. जुनी पोती, झिजलेले दोर, फाटकी जाळी, चिंध्या आणि रद्दी कुटून तो केलेला आहे. बाहेरचा रुमाल कापडाचा, आणि आतला कागदही बऱ्याच अंशी जुन्या कापडाच्याच जातीचा!

मी पेशाने होमिओपॅथीचा डॉक्टर. बेळगाव-चिकोडीकडच्या जैन घरात वाढलो, आणि जन्म गेला तो रोग्यांच्या सहवासात. इतिहास हा माझा फावल्या वेळचा नाद आहे. पण जुन्या वस्तूंच्या उपयोगाविषयी सध्या जे बोलले जाते ते ऐकताना मला दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे आपले पूर्वज निसर्गाचे मोठे कैवारी होते आणि आपण तेवढे बिघडलो, हा सूर. दुसरी म्हणजे पुनर्वापर ही घरच्या घरी, एकट्याने करायची हौस आहे, ही समजूत. कापड आणि कागद यांचा इतिहास या दोन्हींना पुष्टी देत नाही. तो काय सांगतो ते क्रमाने पाहू.

लुगड्याची आयुष्ये

नऊवारी लुगडे आधी विरते ते मध्यभागी, बसण्याच्या जागी. पदर आणि काठाकडचा भाग बराच काळ धड राहतो. म्हणून विरलेला मधला भाग कापून काढीत आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून घेत. याला ‘दंड घालणे’ म्हणत. दंडाचे लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे चाले. मग तेही विरले की त्यातून परकर, झबली, बाळाची दुपटी निघत. बाळाला नवे कोरे कापड न घालता जुने मऊ कापड घालण्याची रीत होती, आणि नवजात बालकाची नाजूक कातडी पाहता ती शहाणपणाची होती. त्यानंतर पाळी गोधडीची. आठ-दहा जुनी कापडे एकावर एक अंथरून बारीक धावदोऱ्याने शिवली की वाकळ तयार. गोधडी फाटली की तिचे फडके, फडक्याचे पोतेरे. एखादी स्वच्छ चिंधी पिळून तुपात भिजवली की तिचा काकडा होई; पहाटेच्या काकड आरतीचे नाव त्यावरूनच आले.

धडोते, जुनेर, चिंधी, लक्तर, पटकूर, ठिगळ, फडके, पोतेरे, बोळा, काकडा. जुन्या कापडाला मराठीत किती नावे आहेत पाहा! ज्या वस्तूंशी रोज हाताचा संबंध येतो त्यांच्यासाठीच भाषा इतके बारीक भेद करते. आज घरातल्या मुलांना यांतले चार-पाच शब्द तरी येतात का, हे वाचकांनी विचारून पाहावे.

या प्रत्येक पायरीवर घरातल्या बाईच्या जोडीला कोणी ना कोणी कसबी माणूस उभा असे. फाटलेल्या शालीला रफूगार, विटलेल्या कापडाला पुन्हा रंग चढवणारा रंगारी, उसवलेल्याला शिंपी. गादीतला कापूस गोळा झाला की धनुकली खांद्यावर टाकून पिंजारी येई. आमच्याकडे त्याला नदाफ म्हणतात. अगदी अलीकडच्या काळात जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दारात आली. पातेल्याला किती साड्या यावरची तिची घासाघीस अनेकांना आठवत असेल. तिच्या गाठोड्यातले कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा बाजारात जात, आणि त्यातही न विकले जाणारे यंत्रे पुसायला कारखान्यांत जात.

सीमाभागात या कलेची एक वेगळी शाखा आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. तिथून सुटून ते घाटावरच्या रानात आले. सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. टाके कडेने सुरू करून वळसे घेत घेत मध्याकडे नेतात. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात. पांघरुणाची ऊब त्या फुलांनी वाढत नाही. तरीही ती लागतातच! गरजेतून शिवलेल्या वस्तूतही माणूस शोभेसाठी जागा ठेवतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

आता कारण. हे सारे का होत होते? कापड महाग होते म्हणून. हाताने सूत कातायचे, हाताने विणायचे. एका मागाला पुरेल एवढे सूत द्यायला कित्येक हात चरख्यावर लागत. अशा कापडाची चिंधीही टाकवत नसे. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली, शतक संपण्याआधी आमच्या गोकाकच्या धबधब्यावर सूतगिरणी उभी राहिली, आणि कापड स्वस्त होऊ लागले. तरीही दुसऱ्या महायुद्धात टंचाई इतकी झाली की १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. त्या पिढीने दंडाची लुगडी नेसली ती हौसेने नव्हे.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. जुने कापड वरून खाली जात असे: घरमालकाकडून गड्याकडे, वतनदाराकडून बलुतेदाराकडे. गावगाड्यात प्रेतावरचे कापड घेणे हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने मानहानीच्या असल्या हक्कांवर पाणी सोडायला सांगितले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी स्त्रियांना स्वच्छ आणि नीटनेटके लुगडे नेसण्याचा उपदेश केला, तो याच संदर्भात वाचला पाहिजे. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे जुने लादले गेले, त्यांना जुन्याच्या वापराची महती आपण कोणत्या तोंडाने सांगणार? आपण स्वतःहून जुने वापरणे आणि दुसऱ्याला ते वापरायला लावणे, या दोन गोष्टींतला फरक मनात ठेवूनच पुढे जायला हवे.

कागदी

कागदाचा शोध चीनमध्ये लागला. परंपरेने तो इ. स. १०५ मध्ये चाय लुन याच्या नावावर जमा आहे. झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासे पकडायची जुनी जाळी, ही त्याची सामग्री. म्हणजे कागद जन्माला आला तोच टाकलेल्या वस्तूंतून. मध्य आशिया, बगदाद अशी वाटचाल करीत ही विद्या पसरली. भारतात ती कशी आली याचा मागोवा भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी चिकाटीने घेतला आहे.

पश्चिम भारतातील जैन ग्रंथभांडारांत हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. आधी पोथ्या ताडपत्रावर लिहीत. ताडपत्र लांब आणि अरुंद, त्याला भोक पाडून दोरी ओवायची. चौदाव्या शतकापासून कागद रुळू लागला, तरी पोथीचा आकार लांबटच राहिला. दोरीची गरज संपली, पण भोकाची जागा मोकळी सोडून तिथे रंगीत टिकली काढण्याची रीत बराच काळ चालू राहिली. लेखनात चूक झाली तर पान फेकत नसत. पिवळ्या हरताळाचा लेप देऊन चुकीचे अक्षर झाकत आणि त्यावर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार तिथूनच आला. मुले अक्षरे गिरवीत ती धूळपाटीवर. कागद हाती येई तो अक्षराला वळण लागल्यावर.

आपल्याकडचा कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांना कागदी म्हणत. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधले कागजीपुरा हे गाव त्यांच्याच नावाचे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा हे कारागीर आले, अशी तिथली परंपरा आहे. जुन्नरचा कागद पेशवाईत नावाजलेला होता. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुऱ्याचे नाव आजही त्या धंद्याची आठवण देते.

त्यांची रीत थोडक्यात अशी. जुनी पोती आणि दोर कुऱ्हाडीने बारीक तोडायचे, भिजवायचे आणि पायाने चालवायच्या जड उखळीत कुटायचे. मग चुना आणि पापडखार घालून मुरवायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, पुन्हा कुटायचे. असे अनेकदा केल्यावर लगदा पांढरा आणि मऊ होई. तो हौदातल्या पाण्यात ढवळायचा, गवताच्या काड्यांची बारीक चटई लाकडी चौकटीवर ताणून आडवी बुडवायची आणि अलगद वर उचलायची. पाणी निथळून गेले की चटईवर कागदाचा ओला पापुद्रा उरे. असे ताव दाबून, सारवलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवायचे. नंतर तांदळाची किंवा गव्हाची खळ लावायची, म्हणजे शाई फुटत नाही. आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरू अडखळत नाही. एका तावामागे एवढे हात आणि एवढे दिवस.

या कागदाचे आयुष्य मोठे असण्याचे कारण साधे आहे. ताग, सुती चिंध्या यांचे तंतू लांब असतात आणि चुन्यात मुरवल्याने त्यांच्यात आम्लता राहत नाही. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत कागद चिंध्यांचाच होता. चिंध्यांसाठी तिकडे इतकी ओढाताण असे की, इंग्लंडमध्ये १६६६ पासून प्रेते लोकरीच्या कापडातच पुरावीत असे कायदे झाले. देशी लोकरीला गिऱ्हाईक मिळावे हा त्यांचा मुख्य हेतू, पण त्यामुळे कागदासाठी लागणारे तागाचे कापडही वाचले. १८४० नंतर जर्मनीत लाकूड घासून लगदा करण्याची युक्ती सापडली आणि ही ओढाताण संपली. कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रे आणि पुस्तके घरोघर गेली. हा लाभ लहान नव्हे. पण घासलेल्या लाकडातील लिग्निन आणि तुरटीची आम्ल खळ यांनी कागद आतून जळू लागला. आपल्या मंडळांच्या जुन्या ग्रंथालयांत याची साक्ष मिळते. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीची छापील पुस्तके पिवळी पडून हात लावताच तुटतात, आणि त्यांच्याहून शंभर वर्षांनी वडील असलेला मोडी कागद घडी उलगडली तरी शाबूत असतो.

कागदी लोकांचे काय झाले? गिरणीचा आणि विलायती कागद आला. सरकारी तुरुंगांत कैद्यांकडून कागद करून घेऊन तो कचेऱ्यांना पुरवू लागले, त्याच्याशी स्पर्धा अशक्य होती. कागदी शेतमजुरीला, हमालीला लागले. हात गेले तशी पोती आणि चिंध्या विकत घेणारे गिऱ्हाईकही गेले.

चिंधीची भीती आणि चिंधीचा गुण

डॉक्टर म्हणून इथे थोडे थांबतो. चिंधीची वाट नेहमी निर्मळ नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि १८९८ मध्ये हुबळीला त्याचा मोठा तडाखा बसला. घरांच्या झडत्या झाल्या, रोग्यांचे बिछाने आणि कपडे जाळले गेले. ज्या घरात दोनच वाकळी होत्या त्या घराला ही होळी किती जाचली असेल! १८९७ च्या व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तर चिंध्या आणि वापरलेले कपडे संशयित मालाच्या यादीत घातले गेले. उंदरांवरच्या पिसवांतून रोग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. कारण नेमके ठाऊक नसले तरी जुन्या बिछान्याची भीती अगदीच निराधार नव्हती. जुने कापड वापरायचे तर ते उकळलेले, कडक उन्हात वाळवलेले हवे, ही अट पुनर्वापराच्या प्रत्येक कहाणीत धरून चालावी. कागदी लोकांचा चुना तेच काम करीत होता.

याच जुन्या कापडाचा एक गुण जगाला फार उशिरा कळला. जैन घरांत पाणी गाळल्याशिवाय घेत नाहीत. गाळण्याचे फडके जाड, दुहेरी केलेले असते. गाळून झाल्यावर त्यात राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी तिच्यातच परत सोडायचे, याला जिवाणी म्हणतात. हेतू अहिंसेचा. बांगलादेशातील मतलब भागात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या जुन्या साडीच्या चार ते आठ घड्या करून त्यांतून पिण्याचे पाणी गाळायला ६५ खेड्यांतील बायकांना शिकवले. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात, आणि ते प्राणी घड्यांत अडकतात. पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो: नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक चांगली गाळते, कारण धुऊन धुऊन धागे मऊ होऊन फुलतात आणि मधली छिद्रे लहान होतात. जुनेपणा हाच इथे गुण ठरला. (गाळलेले पाणी उकळावे लागत नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.)

उलट बाजूचेही एक उदाहरण देतो. वर्तमानपत्राच्या कागदात भजी-वडे बांधून देणे हाही पुनर्वापरच आहे, पण तो घातक आहे. छपाईच्या शाईतील द्रव्ये तेलात उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने याविरुद्ध २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावले आहे. जुने ते सोने हे दरवेळी खरे नसते. कोणते जुने, कशासाठी, हे विचारावेच लागते.

साखळी कुठे तुटली

लुगडे, गोधडी, चिंधी, कागद ही साखळी दोन ठिकाणी तुटली. पहिला घाव कागदाच्या बाजूने बसला, तो वर सांगितला. दुसरा घाव कापडाच्या बाजूने बसला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत टेरिलीन आणि टेरिकॉट आले. न चुरगळणारे, लवकर वाळणारे, वर्षानुवर्षे न विटणारे हे कापड लोकांना आवडले, आणि रोज धुणे करणाऱ्या बाईच्या कष्टांचा विचार केला तर त्यात नवल नाही. पण त्याची चिंधी पाणी टिपत नाही, वातीसाठी चालत नाही, बाळाच्या अंगाला सोसत नाही, कुजत नाही आणि कागदाच्या लगद्यात मिसळत नाही. सूत आणि पॉलिस्टर एकाच धाग्यात पिळले गेले की ते वेगळे काढणे घरच्या बाईच्या, नदाफाच्या, कागद्याच्या कोणाच्याच हातात उरले नाही. टाकाऊपणा हा वस्तूच्या शेवटी येणारा प्रसंग होता, तो आता वस्तू बनवतानाच तिच्यात विणला जाऊ लागला.

ही साखळी पुन्हा जोडण्याचे प्रयत्नही झाले. महात्मा गांधी आलेल्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्याच पुढाकाराने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हातकागद हा संघाच्या मुख्य उद्योगांपैकी एक. के. बी. जोशी यांनी त्याचे तंत्र बसवले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. कपड्यांच्या कारखान्यांत उरणाऱ्या सुती कातरणीपासून तिथे कागद होत आला आहे. राजस्थानात सांगानेरला कागजी घराण्यांचा धंदा टिकला, आणि तिथल्या राष्ट्रीय हातकागद संस्थेला कुमारप्पांचेच नाव आहे.

कुमारप्पा विलायतेत शिकलेले हिशेबनीस होते, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे मला भावनेपेक्षा हिशेबाचे वाटते. निसर्गातून घेतलेले परत निसर्गाच्या फेऱ्यात गेले तरच अर्थव्यवस्था टिकाऊ होते, हे त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडले.

स्वतः निवडलेल्या जुन्याची दोन उदाहरणे आपल्या प्रांतातली आहेत. गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन, फुटक्या मडक्याचे खापर डोक्यावर किंवा हाती घेऊन गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. लोकांनी ज्याला लाज मानली तेच त्यांनी वेश म्हणून स्वीकारले. गाव झाडले, आणि मिळालेल्या पैशातून धर्मशाळा, शाळा उभ्या केल्या. दुसऱ्यासाठी मात्र फाटके पुरेसे आहे असे त्यांनी कधी मानले नाही. दुसरे उदाहरण दिगंबर मुनींच्या पिच्छीचे. मोर पावसाळ्याच्या अखेरीस पिसे गाळतो. अशा आपोआप गळलेल्या पिसांचीच पिच्छी बांधतात. चातुर्मास संपला की पिच्छी बदलण्याचा समारंभ होतो आणि जुनी पिच्छी एखाद्या गृहस्थाला मिळते. ती पैसे देऊन मिळत नाही, संयमाचा काही नियम घ्यावा लागतो. जुनी वस्तू तिथे जबाबदारीसकट हाती येते. हे तत्त्व मला बाजारातही लागू पडावेसे वाटते.

कारण आज ही साखळी ज्यांच्या हातावर चालते त्यांच्याविषयी आपली जबाबदारी कोणती, हा प्रश्न उरतोच. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत स्थापन झाली. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही दलित समाजातल्या. त्यांनी मागितले काय? ओळखपत्र, आजारपणात आधार, आणि कचऱ्यात हात घालण्याआधी घराघरांत ओला-सुका वेगळा करून मिळावा, एवढेच. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती दारोदार कचरा गोळा करू लागली. चिंधीच्या इतिहासात मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुने हाताळणाऱ्या माणसाचा हिशेब त्यात पहिल्यांदा मांडला गेला.

आपल्या घरी आणि आपल्या मंडळात

वाचकहो, इतिहासाचा अर्थ मी असा लावतो. जुन्या वस्तू पुन्हा वापरल्या जात, कारण त्या महाग होत्या आणि प्रत्येक वळणावर त्यांना पुढे नेणारा कसबी हात होता. त्या हाताला मजुरी मिळेनाशी झाली की वस्तूचा कचरा झाला. म्हणून रिकाम्या बाटलीत मनीप्लँट लावणे चांगलेच, पण तेवढ्याने साखळी जुळत नाही. ती जुळते रफूगाराला, शिंप्याला, नदाफाला काम दिल्याने आणि घासाघीस न करता त्यांचे पैसे दिल्याने.

घरापुरत्या चार गोष्टी सुचवतो. कापड घेताना निव्वळ सुती की मिश्र ते पाहावे. त्याचा पुढचा जन्म तिथेच ठरतो. जुने कपडे द्यायचे तर धुऊन, बटणे लावून, घडी घालून द्यावेत. आपण स्वतः हातात धरणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये. रद्दीत ओले, तेलकट कागद मिसळू नयेत, कारण एक ओली पिशवी सगळा गठ्ठा वाया घालवते. सॅनिटरी पॅड, जखमेच्या पट्ट्या, सुया वेगळ्या बांधून त्यावर खूण करावी. शेवटची सूचना डॉक्टराची आहे आणि तिच्यात तडजोड नाही. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातावरची जखम ही आपल्या आळसाची किंमत असते.

आणि एक गोष्ट मंडळापुरती. सीमेपलीकडच्या मराठी गावांतली आपली ग्रंथालये ही त्या त्या गावची पेशवे दफ्तरेच आहेत. जुनी मासिके, हस्तलिखिते, कार्यवृत्ते दुसरीकडे कुठेच मिळायची नाहीत. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबू नये. आत दमट हवा अडकते आणि बुरशी येते. नवे कोरे कापडही तसेच वापरू नये, त्यातल्या खळीने कसर आणि झुरळे येतात. पुष्कळदा धुतलेले, रंग न सुटणारे, निव्वळ सुती जुने कापड यासाठी उत्तम. प्रत्येक सभासदाने घरातले एक जुने धोतर किंवा सुती साडी उकळून, उन्हात वाळवून ग्रंथालयात आणून द्यावी. एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईला योग्य मजुरी देऊन तिचे हातभर चौकोन कापून, कडा शिवून घ्याव्यात. सर्वांत जीर्ण पुस्तकांपासून सुरुवात करावी, एकेक पुस्तक एकेका चौकोनात ठेवावे, चार टोके एकमेकांवर आणून गाठ मारावी आणि वर चिठ्ठी लावावी.